मर्यादेचे मोजमाप : हॅरी नायक्विस्ट

१८५८ सालच्या ऑगस्ट महिन्यात एक अपूर्व घटना घडली. आयर्लंडच्या किनाऱ्यापासून पलीकडील न्यूफाउंडलंड बेटापर्यंत अटलांटिक महासागराच्या तळाशी जवळजवळ दोन हजार मैल लांबीची तार टाकण्याचे काम पुरे झाले. युरोप आणि अमेरिका ही दोन खंडे विजेच्या धाग्याने जोडली गेली. इंग्लंडच्या राणीने अमेरिकेच्या अध्यक्षांना अभिनंदनाचा संदेश पाठविला. तो अवघ्या अठ्ठ्याण्णव शब्दांचा होता, पण तो पलीकडे पोहोचण्यास सुमारे सोळा तास लागले!

असे का व्हावे? तारेच्या एका टोकाला विजेचा ठोका स्पष्ट व तुटक दिला जाई. पण इतका दूरचा प्रवास करून दुसऱ्या टोकाला तो पोहोचे तेव्हा ओल्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबाप्रमाणे तो पसरलेला असे. मागचा ठोका पुढच्या ठोक्यात मिसळे आणि अक्षर ओळखू येईनासे होई. अधिक जोर लावला तर अडचण दूर होईल, अशा समजुतीने तारेत सुमारे दोन हजार व्होल्ट दाबाची वीज सोडण्यात आली. परिणाम उलटाच झाला. आधीच दुबळी असलेली ती तार काही आठवड्यांतच कायमची मुकी झाली. वर्षानुवर्षांचे श्रम आणि अपार द्रव्य समुद्राच्या तळाशी गेले.

तारेतून किती वेगाने संदेश पाठविता येईल, याला काही मर्यादा आहे काय? असल्यास ती नेमकी किती? हा प्रश्न त्या दिवसापासून उभा होता. कोणी अनुभवाने, कोणी अंदाजाने त्याचे उत्तर देत असे. नेमके, गणिताने सिद्ध केलेले उत्तर मिळण्यास मात्र सत्तर वर्षे जावी लागली. ते उत्तर देणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव हॅरी नायक्विस्ट. आज दूरध्वनीवरून ऐकू येणारा आवाज, तबकडीवर साठविलेले गाणे आणि संगणकात उतरविलेला प्रत्येक ध्वनी त्याच्या त्या उत्तराला धरून चालतो.

हॅरीचा जन्म ७ फेब्रुवारी १८८९ रोजी स्वीडन देशातील वेर्मलांड प्रांतात, निल्सबी नावाच्या लहानशा खेड्यात झाला. हॅरीचे वडील लार्स हे शेतकरी होते. त्यांचे मूळचे आडनाव योन्सोन असे होते. परंतु जवळच त्याच नावाचा दुसरा एक गृहस्थ राहत असे आणि एकाची पत्रे दुसऱ्याच्या हाती पडत. हा घोटाळा टाळावा म्हणून वडिलांनी नवे आडनाव धारण केले, असे सांगतात. निरोप ज्याचा त्याला, जसाच्या तसा पोहोचला पाहिजे, ही गोष्ट त्या घराण्यात जणू अशी आधीपासूनच आली होती!

घरात आठ भावंडे. जमीन थोडी, खाणारी तोंडे अधिक. त्या काळी स्वीडनच्या खेड्यापाड्यांत दारिद्र्य फार होते आणि पोट भरण्यासाठी हजारो माणसे दरवर्षी घरदार सोडून अमेरिकेची वाट धरीत. हॅरी शाळेत हुशार होता. त्याने पुढे शिकावे असे त्याच्या शिक्षकांना मनापासून वाटे, परंतु उच्च शिक्षणाचा खर्च आईवडिलांच्या आवाक्याबाहेरचा होता. अशा स्थितीत दुसरा एखादा मुलगा नशिबाला दोष देत बसला असता. हॅरीने तसे केले नाही. आपल्यापाशी काय आहे आणि काय नाही, याचा त्याने शांतपणे हिशेब केला. स्वदेशात शिक्षण मिळणे शक्य नाही, अमेरिकेत कष्ट करून ते मिळविता येईल, असे ठरवून त्याने अंगमेहनतीची कामे केली, बोटीच्या भाड्यापुरते पैसे जमविले आणि १९०७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मायभूमीचा निरोप घेतला.

परका देश, परकी भाषा आणि खिसा रिकामा. प्रथम काही वर्षे काम आणि शिक्षण यांची सांगड घालण्यातच गेली. अखेर १९१२ साली त्याला नॉर्थ डाकोटा विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेथे त्याने विद्युत् अभियांत्रिकीचा अभ्यास करून १९१४ साली पदवी व १९१५ साली पदव्युत्तर पदवी संपादन केली. पुढे येल या नामांकित विद्यापीठाने १९१७ साली त्याला भौतिकशास्त्रातील डॉक्टर ही पदवी दिली. ज्या मुलाच्या शिक्षणासाठी घरात पैसा नव्हता, तो दहा वर्षांत स्वतःच्या श्रमाने विद्येच्या सर्वोच्च पायरीवर जाऊन पोहोचला.

याच प्रवासात त्यांना एक जोडीदार भेटला. जॉन जॉन्सन हेही स्वीडनमधूनच अमेरिकेस आलेले. तेही नॉर्थ डाकोटा विद्यापीठात शिकले, तेही येलला गेले आणि त्यांनाही १९१७ सालीच डॉक्टर ही पदवी मिळाली. या दोघांचा स्नेह पुढे विज्ञानाला किती उपकारक ठरला, ते आपण पुढे पाहणारच आहोत.

१९१७ साली नायक्विस्ट अमेरिकेतील सर्वांत मोठ्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन विभागात रुजू झाले. पुढे १९३४ साली ते त्या कंपनीच्या सुप्रसिद्ध बेल टेलिफोन प्रयोगशाळेत गेले आणि १९५४ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. सदतीस वर्षे त्यांनी एकाच क्षेत्राची सेवा केली. ते क्षेत्र म्हणजे संदेशवहन.

त्या काळी तारायंत्रे आणि दूरध्वनी यांचा विस्तार झपाट्याने होत होता. तारा वाढविणे फार खर्चाचे असल्यामुळे आहे त्याच तारेतून अधिकाधिक संदेश कसे पाठवावेत, हा अभियंत्यांपुढील मोठा प्रश्न होता. १९२४ साली क्लीव्हलँड शहरातून न्यूयॉर्कला तारेमार्गे छायाचित्रे पाठविण्याचा प्रयोग यशस्वी झाला. या कामातही नायक्विस्ट यांचा वाटा होता. छायाचित्र पाठविणे म्हणजे त्याचे बारीक बारीक भाग करून प्रत्येक भागाचा उजेड किंवा काळोख विजेच्या रूपाने एकामागून एक पाठविणे. एखादी अखंड वस्तू तुकड्यातुकड्यांनी पाठवून दुसऱ्या टोकाला ती पुन्हा अखंड करता येते, हे या प्रयोगात डोळ्यांना दिसत होते. त्याच वर्षी नायक्विस्ट यांनी तारसंदेशांच्या वेगावर एक निबंध प्रसिद्ध केला आणि चार वर्षांनी, १९२८ साली, त्याच विषयावरचा दुसरा, अधिक महत्त्वाचा निबंध विद्वानांपुढे मांडला.

त्यांनी काय दाखविले, हे समजण्यासाठी प्रथम वारंवारता म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. तंबोऱ्याची तार छेडली की ती थरथरते. एका सेकंदात ती जितक्या वेळा थरथरते, त्या संख्येला वारंवारता म्हणतात. खर्जाच्या स्वराची वारंवारता कमी, तर तारसप्तकातील स्वराची अधिक असते. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे वीस कंपनांपासून वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. टेलिफोनच्या तारेचेही तसेच आहे. ती सर्वच वारंवारता वाहून नेऊ शकत नाही. काही ठराविक पट्ट्यातील कंपनेच तिच्यातून नीट जातात. या पट्ट्याची रुंदी हीच त्या तारेची शक्ती.

नायक्विस्ट यांनी गणिताने सिद्ध केले की, पट्ट्याची रुंदी सेकंदाला जितक्या कंपनांची असेल, त्याच्या फार तर दुप्पट स्वतंत्र ठोके त्या तारेतून दर सेकंदाला पाठविता येतात. पट्टा हजार कंपनांचा असेल तर दोन हजार ठोके. त्याहून एकही अधिक नाही. विजेचा दाब वाढवा, यंत्र बदला, काही करा, ही मर्यादा ओलांडता येणार नाही. मात्र या मर्यादेच्या आत ठोके कितीही पसरले तरी हरकत नाही. त्यांची योजना अशी करता येते की, ज्या क्षणी एक ठोका वाचावयाचा, नेमक्या त्या क्षणी इतर सर्व ठोक्यांचा परिणाम शून्य असावा. १८५८ साली समुद्राच्या तळाशी जी तार निकामी झाली, तिच्या कोड्याचे उत्तर येथे होते. तिला अधिक जोराची नव्हे, तर मर्यादेच्या ज्ञानाची गरज होती.

या नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ध्वनी हा अखंड वाहत असतो. त्याची अखंड रेषा न पाठविता, ठराविक क्षणांनी तिची उंची तेवढी मोजून ते आकडे पाठविले तर चालेल काय? अशा प्रत्येक मोजणीस नमुना म्हणतात. मग सेकंदाला किती नमुने घ्यावेत? फार थोडे घेतले तर ध्वनी बिघडेल. फार घेतले तर व्यर्थ श्रम होतील. पुरेसे म्हणजे नेमके किती?

घरातील भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा घ्या. तासकाटा झाकून टाकला आहे, अशी कल्पना करा. काट्याचा फेरा एका तासाचा. आता एखादा मनुष्य डोळे मिटून बसला आहे आणि दर तासाने एकदाच डोळे उघडून घड्याळाकडे पाहतो. काटा प्रत्येक वेळी बारावरच दिसेल आणि घड्याळ बंद पडले आहे, असे तो शपथेवर सांगेल. दुसरा एक मनुष्य दर पंचावन्न मिनिटांनी पाहतो. त्याला काटा प्रथम बारावर, मग अकरावर, मग दहावर, मग नवावर दिसेल. काटा उलटा फिरत आहे आणि तोही अगदी सावकाश, अशी त्याची खात्री होईल! तिसरा मनुष्य दर तीस मिनिटांनी पाहतो. त्याला काटा बारावर, सहावर, पुन्हा बारावर, पुन्हा सहावर दिसेल. काटा उजवीकडून गेला की डावीकडून, हे त्याला सांगता येणार नाही. चौथा मनुष्य मात्र दर वीस मिनिटांनी पाहतो. त्याला काटा बारावर, चारावर, आठावर आणि पुन्हा बारावर दिसेल आणि काट्याची खरी गती व खरी दिशा त्याला कळेल.

यावरून काय निष्पन्न होते? एका फेऱ्यात दोनापेक्षा अधिक वेळा पाहिले तरच गतीचे खरे ज्ञान होते. कमी वेळा पाहणारा केवळ अज्ञानी राहतो असे नाही, तर तो फसतो. नसलेली गोष्ट त्याला खरी वाटते. ध्वनीचेही असेच आहे. एका सेकंदात आठ हजार नमुने घेतले तर चार हजारांपेक्षा कमी वारंवारतेची कंपने अचूक उमटतात. पण त्यात पाच हजार कंपनांचा स्वर शिरला तर तो तीन हजार कंपनांचा स्वर म्हणून समोर येतो. गावात आलेल्या बहुरूप्याने पोलिसाचे सोंग घ्यावे, तसे त्या उंच स्वराने खालच्या स्वराचे सोंग घेतलेले असते. हे सोंग इतके हुबेहूब असते की, एकदा नमुने घेऊन झाल्यावर खरे कोणते आणि खोटे कोणते, हे कोणालाही ओळखता येत नाही. म्हणून मर्यादेबाहेरची कंपने नमुने घेण्यापूर्वीच गाळून टाकावी लागतात. दारावरचा पहारा आधी, मोजणी नंतर.

ही काळजी घेतली की एक आश्चर्य घडते. दोन नमुन्यांच्या मधल्या काळात ध्वनीचे काय झाले, ते आपण मोजलेले नसते. तरीही काहीच हरवत नाही. ध्वनीतील सर्वांत जलद कंपन नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून कमी असेल, तर मधल्या काळात त्या रेषेला अचानक भलते वळण घेताच येत नाही. त्यामुळे केवळ आकड्यांवरून मूळची अखंड रेषा जशीच्या तशी पुन्हा उभी करता येते.

या दुसऱ्या बाजूचे श्रेय एकट्या नायक्विस्ट यांचे नव्हे, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ब्रिटनमध्ये व्हिटेकर या गणितज्ञाने १९१५ साली अशाच स्वरूपाचे गणित मांडले होते. रशियात कोतेल्निकोव यांनी १९३३ साली स्वतंत्रपणे हा नियम संदेशवहनासाठी सिद्ध केला. पुढे बेल प्रयोगशाळेतीलच क्लॉड शॅनन या तरुण शास्त्रज्ञाने १९४८ व १९४९ साली लिहिलेल्या निबंधांत संदेशवहनाचे संपूर्ण शास्त्रच उभारले आणि तसे करताना नायक्विस्ट यांच्या कार्याचा आदराने उल्लेख केला. नमुन्यांच्या या मर्यादेला नायक्विस्ट यांचे नाव मिळाले ते तेव्हापासून. विज्ञानाचे मंदिर अनेकांच्या हातांनी बांधले जाते. कोणी पाया घालतो, कोणी भिंत उभारतो, तर कोणी कळस चढवितो.

नायक्विस्ट यांनी शोधलेली मर्यादा एवढी एकच नव्हती. दूरध्वनीचा क्षीण आवाज मोठा करण्यासाठी वर्धक नावाची यंत्रे वापरीत. कोणीही बोलत नसताना अशा यंत्रातून एक बारीकशी खरखर ऐकू येई. यंत्र कितीही काळजीपूर्वक बनविले तरी ती पूर्णपणे जात नसे. जॉन्सन यांनी तिचे सूक्ष्म मोजमाप केले तेव्हा त्यांना आढळले की, तारेचे तापमान वाढले की खरखरही वाढते. त्यांनी हे कोडे आपल्या जुन्या स्नेह्यापुढे ठेवले. नायक्विस्ट यांनी विचार करून त्याचे मर्म उलगडून दाखविले. प्रत्येक पदार्थातील विद्युत्कण उष्णतेमुळे सतत धावपळ करीत असतात. ही त्यांच्या धावपळीचीच खरखर आहे. तो यंत्राचा दोष नसून निसर्गाचा धर्म आहे. पदार्थात उष्णता आहे तोवर ती खरखर राहणारच. दोघांचे निबंध १९२८ साली एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ही दुसरी मर्यादा. संदेशाचा आवाज या खरखरीपेक्षा किती तरी मोठा असावा लागतो, हे अभियंत्यांना आता आकड्यांत सांगता येऊ लागले.

तिसरी मर्यादा वर्धक यंत्रांच्या स्थैर्याची. १९२७ साली त्यांचे एक सहकारी हॅरोल्ड ब्लॅक हे बोटीने नदी ओलांडून कामावर जात असता त्यांना एक कल्पना सुचली आणि ती त्यांनी हातातील वर्तमानपत्रावरच टिपून घेतली. वर्धकातून बाहेर पडणाऱ्या आवाजाचा काही अंश उलट करून पुन्हा आत सोडावा, म्हणजे यंत्राचे दोष आपोआप कमी होतील, अशी ती युक्ती होती. युक्ती नामी होती, पण तिच्यात एक धोका दडलेला होता. परत सोडलेला अंश योग्य रीतीने न मिळाल्यास यंत्र स्वतःच किंचाळू लागे. यंत्र शांत कधी राहील आणि बिथरेल कधी, हे आधी कसे ओळखावे? नायक्विस्ट यांनी १९३२ साली यासाठी एक साधी रीत सांगितली. यंत्राच्या मोजमापांवरून एक वक्ररेषा काढावयाची आणि तिने एका ठराविक बिंदूला वेढा घातला आहे की नाही, एवढेच पाहावयाचे. आगबोटींपासून विमानांपर्यंत, स्वतःचे नियंत्रण स्वतः करणाऱ्या असंख्य यंत्रांच्या रचनेत पुढे ही रीत उपयोगी पडली.

एवढे मोठे कार्य करणारा हा मनुष्य स्वभावाने शांत व साधा होता. त्यांच्या नावावर एकशे अडतीस एकस्वे, म्हणजेच पेटंटे, नोंदलेली आहेत. पण त्यांच्या थोरवीची दुसरी एक खूण अधिक बोलकी आहे. बेल प्रयोगशाळेत काही माणसे इतरांपेक्षा पुष्कळ अधिक शोध लावीत. असे का व्हावे, याचा तेथील कायदेपंडितांनी एकदा तपास केला. कोणाचे शिक्षण वेगळे, कोणाचा विषय वेगळा. त्या सर्वांत समान असे काही सापडेना. अखेर एकच गोष्ट आढळली. ती माणसे अनेकदा नायक्विस्ट यांच्याबरोबर जेवावयास किंवा न्याहारीस बसत! नायक्विस्ट त्यांना नव्या कल्पना आयत्या देत नसत. ते समोरच्या माणसाचे नीट ऐकून घेत आणि नेमका प्रश्न विचारीत. त्या प्रश्नाने ऐकणाऱ्याच्या विचाराला चालना मिळे आणि तो उत्साहाने आपल्या कामाला लागे.

त्यांनी कागदावर मांडलेली मर्यादा प्रत्यक्ष व्यवहारात उतरण्यास काही वर्षे लागली. १९३८ साली अॅलेक रीव्हज या इंग्रज अभियंत्याने आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून तो पाठविण्याच्या पद्धतीचे एकस्व पॅरिस येथे घेतले. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बेल प्रयोगशाळेने बनविलेल्या एका प्रचंड गुप्त यंत्राच्या द्वारे वॉशिंग्टन आणि लंडन येथील सेनानी शत्रूला न कळता एकमेकांशी बोलू लागले. आवाजाच्या चढउताराचे वर्णन करणारे जे संकेत त्या यंत्रात होते, त्यांची वारंवारता पंचविसापर्यंत मर्यादित होती आणि त्यांचे नमुने सेकंदाला पन्नास वेळा घेतले जात. पंचविसाची दुप्पट पन्नास! नियम आणि व्यवहार यांची अशी गाठ पडली.

युद्धानंतर ही पद्धत सामान्य जनतेच्या सेवेला आली. टेलिफोनवरील बोलणे समजण्यासाठी सुमारे तीन हजार चारशेपर्यंतची कंपने पुरेशी होतात. म्हणून त्याहून उंच कंपने गाळून सेकंदाला आठ हजार नमुने घ्यावयाचे ठरले. १९६२ साली अमेरिकेत अशा रीतीने तारांच्या दोन जोड्यांवरून एकाच वेळी चोवीस संभाषणे चालू लागली. एका संभाषणाच्या दोन नमुन्यांमध्ये जो रिकामा वेळ उरतो, त्यात इतर तेवीस संभाषणांचे नमुने बसविलेले असत. १९८२ साली संगीताची आकडी तबकडी बाजारात आली. कानाची मर्यादा वीस हजार कंपनांची. तिची दुप्पट चाळीस हजार. गाळणीसाठी थोडी जागा ठेवून त्या तबकडीवर सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर नमुने घेतले जाऊ लागले. गायकाचा गळा, सतारीची मींड, तबल्याचा ठेका हे सारे केवळ आकड्यांच्या रूपाने साठविले जाऊन पुन्हा जिवंत होऊ लागले.

ही तबकडी पाहण्याचे मात्र नायक्विस्ट यांच्या नशिबी नव्हते. निवृत्तीनंतरही ते काही काळ सरकारला शास्त्रीय सल्ला देत असत. १९६० साली अमेरिकेतील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेने आपले सर्वोच्च पदक अर्पण करून त्यांचा गौरव केला. ४ एप्रिल १९७६ रोजी टेक्सास राज्यातील हार्लिंजन या गावी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मर्यादा हा शब्द ऐकला की आपणास वाटते, ही वाट बंद झाली. नायक्विस्ट यांचे जीवन याच्या उलट सांगते. घरची गरिबी ही त्यांची पहिली मर्यादा. तिचे मोजमाप करून त्यांनी समुद्रापलीकडे वाट शोधली. पुढे विज्ञानातही त्यांनी तेच केले. मर्यादा न ओळखता जो जोर लावतो, त्याची तार जळून जाते. तिला भिऊन जो थांबतो, त्याची तार कधी बोलतच नाही. परंतु जो तिचे नेमके मोजमाप करतो, त्याला आपण कोठवर निर्भयपणे जाऊ शकतो, हे कळते. निल्सबीच्या त्या गरीब शेतकऱ्याच्या मुलाने जगाला असे एक मोजमाप दिले आणि त्याच्या आधारावर आज जगाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोहोचत आहे.